सोपानतात्यांचा फेटा

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत टँकर आला की मला खालून हाक येते. टँकरची नळी टाकीच्या तोंडाला कधी नीट बसत नाही आणि सोसायटीत पाणीखात्यातून निवृत्त झालेला माणूस मी एकटाच. लोकांच्या दारात नळ नेण्यात ज्याची सगळी नोकरी गेली, तो म्हातारपणी सातव्या मजल्यावरून टँकरची वाट बघतोय, यावर आमच्या घरात रोज एकदा तरी विनोद होतो. बायको म्हणते, "तुमच्याच हाताचं फळ." मी गप्प बसतो. पाइप असो की बायको, दाब वाढला की आधी चावी बंद करायची, एवढं मी नोकरीत शिकलोय.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला, की तुमच्या कामातलं काहीतरी रोमांचक लिहा. आता आमच्या कामात रोमांच कुठून आणायचा? आमच्यातला माणूस खड्ड्यात उतरतो, भिजतो, वर उभ्या असलेल्यांच्या शिव्या खातो आणि चिखल झटकत बाहेर येतो. पाणी आलं तर ते सरकारनं दिलं आणि नाही आलं तर आम्ही अडवलं, असा लोकांचा सरळ हिशेब. तरी एक गोष्ट आहे. ती मी आजवर लिहिली नाही, कारण तात्या होते तोवर लिहायची सोय नव्हती.

त्याआधी आमचं काम थोडक्यात सांगतो. मी बासष्टच्या सुमारास शिकाऊ फिटर म्हणून लागलो, तेव्हा पाइप बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असत. वजनाला असे की चौघांनी उचलला तर संध्याकाळी चौघांनाही बायकोकडून पाठ चेपून घ्यावी लागे. प्रत्येक पाइपाचं एक तोंड रुंद, एक अरुंद. एकाचं अरुंद तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवायचं, मधल्या फटीत ताग ठासायचा आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं थंड झालं की छिन्नीनं ठोकून घट्ट करायचं. ओतताना आत थेंबभर जरी ओल असली तरी शिसं उसळून अंगावर येतं, म्हणून त्या वेळी कोणी शिंकलेलंसुद्धा आम्हाला चालत नसे.

गळती शोधायची तर आमच्याकडे एक लोखंडी सळई असे. तिचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा. पाणी गळत असेल तर सूं असा बारीक आवाज येतो. भर दुपारी रस्त्यात गुडघे टेकून जमिनीला कान लावून बसलेला माणूस पाहिला की लोकांना काय काय वाटे. चिंचवडला एक आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "माझी नथ हरवलीय. बघ बाबा, काही ऐकू येतंय का."

त्याच आळीत एक काकू होत्या. त्यांची कायमची तक्रार, पाणी पुरत नाही. मी जाऊन बघितलं, तर रोज सकाळी नळ आला की त्या घरातले सगळे भरलेले हंडे-कळशा मोरीत ओतून द्यायच्या. कालचं पाणी शिळं म्हणून. मी त्यांना समजावलं, की काकू, तुमच्या नळाला आज आलेलं पाणी धरणात गेल्या पावसाळ्यापासून साठलेलं असतं. काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आमच्या ऑफिसात विचारायला आला, की आई म्हणते, ताजं पाणी कुठल्या वारी सोडता?

तर असं काम. आणि या कामातले आमचे मुकादम म्हणजे सोपानतात्या.

तात्या भोसरीचे. जुन्या घराण्यातले, जमीन थोडी कारखान्यांत गेलेली, थोडी उरलेली. उंच, शिडशिडीत, मिशा भरघोस आणि डोक्यावर एक केस नाही. मी चष्मा लावायचो म्हणून मला ते मास्तर म्हणायचे. त्यांचा एक नियम कधी मोडला नाही. पाइप खड्ड्यात सोडायच्या आधी त्याच्या तोंडाला ते स्वतः डोळा लावून बघायचे. आरपार उजेड दिसला की हात वर करायचे, मगच पाइप खाली जायचा. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. कधी काळी एका पाइपात मांजर व्यालेली त्यांनी बघितली होती. म्हणायचे, "ती तशीच गेली आस्ती तर लोकांच्या नळातून पानी म्याव करत आलं आस्तं."

आता भोसरीची गंमत अशी की शेजारी कारखान्यांच्या वसाहतीत पाणी खेळत होतं आणि जुन्या गावात नळ नव्हता. बायका विहिरीवरून हंडे वाहायच्या. पाणीखात्याच्या मुकादमाच्या स्वतःच्या घरी नळ नाही, हे तात्यांना फार लागायचं. त्यात मुलगा हणमंता लग्नाचा. पोरगा कंपनीत कायम, शिफ्टला सायकलवर जाणारा, निर्व्यसनी. पण मुलीकडची माणसं यायची, पोहे खायची, विहीर बघायची आणि निघून जायची. एका पाहुण्यानं तर तोंडावर विचारलं, "अख्ख्या पंचक्रोशीला पानी पाजता म्हनं तुमी, मग सूनबाईनं हंडा कशापायी उचलायचा?" हणमंता हळूहळू शिफ्टवरून उशिरा यायला लागला, कारण लवकर आलं की आईचा चेहरा बघावा लागे.

शेवटी गावात लाइन मंजूर झाली. नारळ फोडायला पुढारी यायचे होते. पाहुण्यांसाठी गुलाबी फेटे मागवले होते. त्यातला एक पाहुणा आलाच नाही आणि एक फेटा उरला. फेटे बांधणारा माणूस हातात तो घेऊन इकडेतिकडे बघत होता, त्याच्यासमोर तात्या उभे होते. त्यानं त्यांच्या डोक्याला बांधून टाकला. फेटा उरला होता, ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. तात्यांच्या लेखी तो त्यांच्यासाठीच आणलेला होता आणि पुढाऱ्यानं सांगून बांधायला लावला होता.

त्या दिवसापासून तात्या तो फेटा घालून कामावर यायला लागले. खड्ड्यात चिखल, वर धूळ आणि मधे हा गुलाबी फेटा. काकी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, रोज म्हणायच्या, पेटीत ठेवा. तात्या म्हणायचे, "मान काय पेटीत ठिवायचा आसतो व्हय?" लांबून कुणालाही कळायचं, लाइन कुठवर आली. गुलाबी ठिपका चावडीपाशी दिसला की लोक म्हणायचे, चावडीपर्यंत आली.

मात्र शिसं ओतताना फेट्याचा मागे लोंबणारा शेमला भट्टीत जाण्याची भीती. त्यामुळे तेवढ्यापुरता तात्या फेटा उतरवून ठेवायचे. कुठे, तर पाइपात. हा आमचा सगळ्यांचाच रिवाज होता. खड्ड्याच्या कडेला पाइप ओळीनं पडलेले असत, आत थंडगार. भाकरीचं फडकं, सदरा, तंबाखूची पिशवी, सगळं आम्ही पाइपात हातभर आत सरकवून ठेवायचो. कुत्र्याला पोचत नाही, ऊन लागत नाही. प्रत्येकाचा पाइप ठरलेला. तात्यांचा म्हणजे कडुनिंबाखालचा.

एके दिवशी सकाळीच आम्ही चावडीच्या जरा वर काम करत होतो. तात्यांनी फेटा गुंडाळून निंबाखालच्या पाइपात सरकवला आणि तेवढ्यात त्यांच्या घरून निरोप आला. कुरुळीहून सोयरिकीचा मध्यस्थ आलाय, ताबडतोब या. तात्या डोक्याला टॉवेल गुंडाळून तसेच घराकडे पळाले. मी भट्टीपाशी वाकलेला होतो. गँगमधल्या भिवानं आणि बाकीच्यांनी म्हटलं, मुकादम येईपर्यंत बसून काय करायचं. दोन पाइप खाली सोडले, जोडले, शिसं ओतून झालं. निंबाखालची जागा मोकळी झाली म्हणून मागचा एक पाइप लोटत आणून तिथं ठेवला.

हुशार वाचकाला एवढ्यात सगळं कळलं असेल. आम्हाला कळलं नाही, कारण आम्ही खड्ड्यात होतो.

तात्या परत आले ते हवेतच. कुरुळीचे दौलतराव पाहुणे म्हणून यायला तयार झाले होते. दौलतराव म्हणजे बोलायला कडक माणूस, असा लौकिक. त्यांनी निरोप दिला होता, "पोरगं चांगलं हाय आसं ऐकतो. पन माझ्या लेकीनं हितं लई हंडं वाहिलं. तिची आय गेल्यापासनं घरातलं सगळं पानी तिच्याच डोक्यावर. सासरी नळाचं पानी बघीन, मगच पुढचं बोलीन." मुलीचं नाव शेवंता. तात्यांनी उलट निरोप दिला, की अमक्या बाजाराच्या दिवशी या, नळाचंच पाणी पाजतो.

मग त्यांनी निंबाखालच्या पाइपात हात घातला. पाइप रिकामा. दुसऱ्या बाजूनं हात घातला. आरपार उजेड.

"माझा फेटा कुनी नेला?"

तात्यांची नजर फिरत फिरत भिवावर थांबली. भिवा गोराघारा, थट्टेखोर, मराठवाड्याकडून पोटासाठी आलेला. कालच तो म्हणाला होता, की तात्या, हा फेटा माझ्या डोक्यावर जास्त शोभला असता. झालं. तात्यांचा निकाल लागला.

त्या दिवसापासून ते भिवाशी बोलेनासे झाले. काम तर एकाच खड्ड्यात. मग सगळं माझ्यामार्फत.

"मास्तर, त्याला सांगा, पहार दे म्हनावं."

भिवा हातभर अंतरावर उभा. मी सांगायचो, "भिवा, पहार दे."

भिवा म्हणायचा, "मास्तर, त्येंला सांगा, पहार त्येंच्याच हातात हाय."

असं लाइन पुरी होईपर्यंत चाललं. विनाफेट्याचे तात्या बघवत नसत. डोकं दुपारच्या उन्हात घासलेल्या तांब्यासारखं चमकायचं. पहिल्या दिवशी ते घरी गेले तेव्हा त्यांच्याच कुत्र्यानं ओळखलं नाही, भुंकत मागे लागलं. लोकांना तर लाइन कुठवर आली तेच कळेना.

लाइन चावडीपर्यंत सहा इंची होती. तिथून उतारानं खाली येऊन तात्यांच्या गल्लीच्या तोंडाशी ती एकदम तीन इंची व्हायची, आणि गल्लीच्या शेवटी तात्यांचं घर. पाणी सोडायचा दिवस तात्यांनी पाहुण्यांच्या आदल्या दिवशीचा ठरवून घेतला. चावीवाल्यानं चावी फिरवली. पाइपातली हवा फुसफुसत बाहेर आली, चावडीपाशी पाणी आलं. वरच्या आळीत नळांना पाणी आलं. एका घरात तोटी बसवायची राहिली होती, तिथे माजघरात आलं. बायका नळाला हळद-कुंकू लावत होत्या. आणि तात्यांच्या गल्लीत नळानं एक ढेकर दिला, चमचाभर पाणी टाकलं आणि तो गप्प झाला.

तात्यांनी नळ उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तोटीला तोंड लावून फुंकलं. काकी हळदीची वाटी घेऊन तशाच उभ्या होत्या.

"येईल," तात्या म्हणाले. "नवा हाय. लाजतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे हजर. मी एकेका घराचा नळ बघत खाली आलो. गल्लीच्या तोंडाच्या घरापर्यंत पाणी जोरात, त्यापुढे ठणठणाट. म्हणजे बिघाड नेमका सहाचे तीन होतात तिथे. तात्या तिथल्या तिथे खाली बसले. मी इतकी वर्षं त्यांना बघत होतो, पण तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"मास्तर," ते म्हणाले, "साऱ्या जगाचं पाइप मी बघितलं. माझ्याच गल्लीचा कसा काय तुंबला?"

चावी बंद करून आम्ही खणायला घेतलं. पाहुणे दुपारच्या जेवणाला यायचे होते. तात्यांना आम्ही घरी पाठवलं. डोक्याला काहीतरी हवं म्हणून काकींनी शेजाऱ्याची टोपी आणली होती. ती तात्यांना लहान व्हायची. मान हलवली की घसरायची, म्हणून तात्या मान न हलवता बोलत होते.

आणि इथे भिवानं आपलं डोकं चालवलं. मला म्हणाला, "मास्तर, तुमी खना. मी पान्याचं बघतो." मी म्हटलं, "अरे, तुला ते चोर म्हणतात." भिवा म्हणाला, "म्हनू द्या की. फेटा गेला त्यो गेला, आता म्हाताऱ्याची अब्रू पन जाऊ देऊ का?"

त्यानं केलं असं. त्याचा भाऊ वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये होता. तिथला एक रिकामा पत्र्याचा ड्रम आणून त्यानं तात्यांच्या गोठ्याच्या माळवदावर चढवला. विहिरीच्या पाण्यानं भरला. ड्रमातून रबरी नळी काढून मागच्या बाजूनं घरातल्या नळाच्या पाइपाला जोडली. आता तोटी उघडली की पाणी येणार. काकींना सांगितलं, तात्यांना नाही. तात्यांनी ते चालू दिलं नसतं.

दौलतराव आले. सोबत मध्यस्थ आणि दोन चुलतभाऊ. ओट्यावर बसले. इकडचं तिकडचं झालं. तात्या मान ताठ ठेवून उत्तरं देत होते, त्यामुळे पाहुण्यांना ते फार मानी वाटले असावेत. मी खड्ड्यातून डोकं वर काढून बघत होतो. खड्डा ओट्यापासून हाकेच्या अंतरावर, ओट्यावरचं सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं; आतलं नंतर काकींनी सांगितलं.

"पानी बघू," दौलतराव म्हणाले.

तात्यांनी टोपी सावरली. ते खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकी आतून म्हणाल्या, "बघा की. नळ मोरीत हाय." तात्या काकींकडे बघत राहिले. दौलतराव मोरीत गेले, त्यांनी तोटी फिरवली आणि पाणी आलं. धो धो आलं. फक्त ते पांढरंशुभ्र होतं.

झालं असं की वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कापताना थंड राहावं म्हणून एक तेल पाण्यात मिसळून सोडतात. त्याला कूलंट म्हणतात आणि ते पाण्यात पडलं की पाणी दुधासारखं होतं. भिवाच्या भावानं दिलेला ड्रम त्या तेलाचा होता. भिवानं तो धुतला होता, पण भिवाचं धुणं म्हणजे आत बघून झाकण लावणं.

दौलतरावांनी ओंजळीकडे बघितलं. वास घेतला. मग शांतपणे विचारलं, "दूध येतंय व्हय तुमच्या नळाला?"

गोठ्याच्या माळवदावरून भिवाचा आवाज आला, "धार कमी करू का, काकी?"

यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "पाव्हनं, खोटं बोलनार न्हाई. पानी आलंय, पन गल्लीच्या तोंडाशी तुंबलंय. कशानं ते मला ठावं न्हाई. हे दुधाचं मला ठावं नव्हतं." काकींनी पदर डोळ्यांना लावला. आत दाराआड हणमंता उभा होता, तो हळूच मागच्या खोलीत गेला.

दौलतराव उठले. "ज्याला सोताच्या दारात पानी आनता येत न्हाई, त्यानं सबूद देऊ न्हाई," एवढंच म्हणून त्यांनी चपला घातल्या. मध्यस्थ मागून काहीतरी पुटपुटत होता. चौघंही गल्लीच्या तोंडाकडे, म्हणजे आमच्या खड्ड्याकडे चालत आले. मागून तात्या, हातात टोपी, टक्कल उन्हात. मला, खरं सांगतो, त्या क्षणी रडू आलं. म्हणून मी छिन्नी आणखी जोरात मारली.

जोडातलं शिसं निघालं. आम्ही पहार लावून पाइपाचं तोंड जरा बाजूला सरकवलं. आत काहीतरी ठासून बसलं होतं. मी चिमटा घालून धरलं आणि ओढलं. ओल्या कापडाचा शेंडा बाहेर आला. गुलाबी.

मला कळलं, पण बोलायला वेळच नव्हता. मी ओढत गेलो आणि कापड येत गेलं. वीतभर, हातभर, वावभर, संपायचं नाव नाही. माळवदावरून उतरून भिवा धावत आला, त्यानं मागून धरलं. बाकीची गँग त्याच्या मागे. पुढे कुठेतरी गाठ अडकली, येईना. दौलतराव खड्ड्याच्या काठावर थांबले होते. जन्म बैलांच्या दोरखंडात गेलेला माणूस. कुणी काही ओढताना त्याला नुसतं बघणं जमलं नाही. वाकून त्यांनी शेंडा हातावर गुंडाळला आणि म्हणाले, "आरं, एका ताकदीनं वढा. हं."

एका ताकदीनं ओढलं. गाठ सुटली. चावी बंद होती, पण चावडीपासूनच्या उतारावर पाइपात साठून राहिलेलं सगळं पाणी एकदम बाहेर आलं. आम्ही सगळे मागच्या मागे चिखलात. दौलतराव माझ्यावर, भिवा दौलतरावांवर आणि फेटा सगळ्यांवर.

पाणी ओसरलं तेव्हा पहिल्यांदा बोलले ते तात्या. काठावर उभे राहून, अगदी बारीक आवाजात.

"ह्यो माझा फेटा हाय."

भिवानं डोळ्यांतला चिखल पुसला. म्हणाला, "मास्तर, त्येंला सांगा, चोर सापडला. बिडाचा हाय, लई जड हाय, पोलिसात न्यायला चौघं लागतील."

तात्या खड्ड्यात उतरले. ते माझ्याकडे आले नाहीत, सरळ भिवासमोर उभे राहिले. म्हणाले, "भिवा, माझं चुकलं." इतक्या दिवसांत तात्या त्याच्याशी थेट बोललेले ते पहिले शब्द. भिवानं पहार उचलून स्वतःच त्यांच्या हातात दिली.

दौलतराव चिखलातच बसलेले होते. त्यांच्या हातात अजून शेमला. त्यांनी फेट्याकडे बघितलं, तात्यांच्या टकलाकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मध्यस्थाला वाटलं, चक्कर आली. ते हसत होते. मध्यस्थ मला नंतर म्हणाला, की दौलतरावांची बायको गेल्यापासून त्यांना हसताना कुणी बघितलं नव्हतं.

पाइपाच्या तोंडाशी अजून थोडं पाणी ठिबकत होतं. त्यांनी ओंजळ धरली, वास घेतला, प्याले. मग उठले. आमच्याकडे सोयरीक ठरली की व्याही व्याह्याला फेटा बांधतो, ती पक्क्याची खूण. दौलतरावांनी तो फेटा पिळला, दोन्ही हातांनी ताणला आणि भर खड्ड्यात तात्यांच्या डोक्याला बांधायला घेतला. गुलाबी पाणी तात्यांच्या कपाळावरून मिशांत आणि मिशांतून सदऱ्यावर उतरत होतं. तात्या गुडघे वाकवून उभे, कारण दौलतराव ठेंगणे.

ओट्यावरून काकी ओरडल्या, "अवो, काय झालं? सांगा तरी."

"सून झाली," तात्या म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आम्ही जोड कोरडा करून पुन्हा शिसं ओतलं. त्या वेळी पाइपात डोळा लावून तात्यांनी बघितलं, मग दौलतरावांना बघायला लावलं, मग भिवाला. चावी फिरली आणि तात्यांच्या नळाला पाणी आलं. पहिल्यांदा फिकट गुलाबी आलं. वरच्या आळीची माणसं भांडायला आली, की मुकादमानं स्वतःच्या गल्लीत सरबत सोडलंय.

तेव्हापासून आमच्या गँगमध्ये रिवाजच पडला. पाइप खाली जायच्या आधी भिवा ओरडायचा, "डोकी बघा," आणि आम्ही सगळे आपापल्या डोक्याला हात लावायचो. नवे साहेब बघायचे, त्यांना वाटायचं, नमस्काराची काहीतरी पद्धत असेल. एकानं तर आम्हाला मान देऊन स्वतःही हात लावला. आता पाइप प्लॅस्टिकचे आले, शिसं गेलं. सोसायटीत प्लंबर जोड बसवतो तेव्हा माझा हात अजून डोक्याला जातो. त्यानं मला विचारलंसुद्धा, काका, डोकं दुखतंय का? तात्या गेले, भिवा गेला. एवढा मोठा खड्डा एकट्यानं आठवत बसायचं म्हणजे जिवावर येतं.

मध्यंतरी भोसरीला गेलो होतो. हणमंताच्या घराचे आता चार मजले झालेत. शेवंताबाई आजी झाल्यात. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक विटलेला कापडाचा तुकडा लावलेला दिसला. मी बघत उभा राहिलो, तशा शेवंताबाई म्हणाल्या, "मामंजींचा फेटा. तुमी व्हता की तवा."

"होतो."

"आमचे दादा त्या दिशी घरी आले ते चिखलानं माखलेले. मला म्हनाले, पोरी, तुझा सासरा लई मोठा मानूस हाय. पाइप फुटला, पानी वाया चाललं, तर त्यानं आपल्या मानाचा फेटा डोक्यावरनं काढला आन् पाइपात कोंबला. सुनंला पानी मिळावं म्हनून. आसल्या घरात तुला कंदी हंडा उचलावा लागनार न्हाई." त्यांनी चौकटीची काच पदरानं पुसली. "आन् खरंच न्हाई लागला. मी हे आता नातवंडांना सांगते. आसंच झालं व्हतं न्हवं?"

मी हणमंताकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

शेवंताबाईंनी नळाचं पाणी भरून तांब्या पुढे केला. मी घोटभर प्यालो.

"असंच झालं होतं," मी म्हणालो. "पाइप फार मोठा फुटला होता."